नोकरदार बांधवांनो, आठवड्यातून एक तास द्या

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात फुलसावंगी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या ठिकाणी दहावी आणि बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ दिले, पुस्तके दिली, टाळ्या झाल्या. या मुलामुलींचे आणि त्यांच्या कष्टकरी आईवडिलांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु सत्कार सुरू असताना माझ्या मनात एक हिशेब चालला होता, तो तुमच्यासमोर मांडण्याची परवानगी घेतो. या व्यासपीठावर आलेल्या मुलांबरोबर पहिलीच्या वर्गात जी मुले बसली होती, ती सगळी कुठे आहेत? काही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत असतील. काही कापूस वेचणीला गेली असतील, काही गॅरेजात, काही वीटभट्टीवर असतील. ती दहावीत नापास झाली असे आपण म्हणतो. माझी उभी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्या अनुभवावरून सांगतो, त्यातली बरीच मुले तिसरीतच मागे पडलेली होती. दहावीपर्यंत ती फक्त बसून होती.

बंधू-भगिनींनो, सत्कार दहावीचा होतो, पण गळती तिसरीला लागते. म्हणून आज मी तिसरी-चौथीच्या लेकरांविषयी, त्यांच्या वाचनाविषयी आणि त्यात तुम्हा नोकरदार मंडळींच्या वाट्याला येणाऱ्या कामाविषयी बोलणार आहे.

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते. तिसरी-चौथीपासून पुढे वाचून शिकावे लागते. गणिताचे उदाहरण वाचावे लागते, परिसर अभ्यासाचा धडा वाचावा लागतो, प्रश्नपत्रिका वाचावी लागते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी सगळेच विषय एकदम बंद होतात. वर्ग पुढे सरकतो, मूल जागेवर राहते. ते गप्प बसायला शिकते. शिक्षकांनी उभे केले तर शेजाऱ्याच्या पाठोपाठ ओठ हलवायला शिकते. कित्येक मुले धडा तोंडपाठ करतात आणि पुस्तक समोर धरून म्हणून दाखवतात. आईवडिलांना वाटते, आपले लेकरू वाचते आहे. ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हा कोणता शब्द?' असे विचारले की खरी परिस्थिती कळते.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या यवतमाळ जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के आहे. हा आकडा ऐकून समाधान वाटते. पण जनगणनेतली साक्षरता घरच्यांनी दिलेल्या उत्तरावर ठरते. कोणी पुस्तक उघडून वाचायला लावत नाही. २००५ सालापासून 'असर' नावाची पाहणी देशाच्या ग्रामीण भागात होते. तिथे घरी जाऊन मुलाच्या हातात मजकूर दिला जातो. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. म्हणजे पाचवीपर्यंत पोहोचलेल्या निम्म्याहून अधिक लेकरांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीहून बरी आहे, हे खरे. पण सरासरीत आपला तांडा, आपला पोड आणि आपली वस्ती दिसत नाही.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आल्या आहेत. पहिल्या वेळी जमले नाही तर पुन्हा एक संधी आहे, त्यातही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. वाचता न येणारे मूल त्या प्रश्नपत्रिकेपुढे काय करणार? आणि एक वर्ष मागे राहिलेली मुलगी असेल तर तिचे पुढे काय होते, हे या सभेत बसलेल्या माता-भगिनींना मी सांगायला नको.

यात दोष कोणाचा, हा वाद मी आज घालणार नाही. साधा हिशेब पाहा. वर्गात ३० मुले आणि तासिका ४० मिनिटांची. शिक्षकाने एकही शब्द न शिकवता फक्त प्रत्येकाचे वाचन ऐकायचे ठरवले, तरी एकेका मुलाच्या वाट्याला ८० सेकंद येतात. त्यात आपल्याकडच्या अनेक वस्तीशाळांवर दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. शिवाय सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाईन माहिती भरणे. अशा परिस्थितीत कित्येक मुलांचे वाचन वर्षभरात कोणी नीट ऐकलेलेच नसते. आणि वाचन ही ऐकून घेण्याची गोष्ट आहे. अडखळत अडखळत मोठ्याने वाचणाऱ्या मुलाशेजारी कोणीतरी बसावे लागते.

ज्या घरात वाचणारे माणूस आहे, तिथे हे काम घरीच होते. आई स्वयंपाक करता करता धडा ऐकते, काका चूक सांगतो. ज्या घरात आईबाप दोघेही सकाळी निंदणाला किंवा वेचणीला जातात आणि दिवेलागणीला परततात, तिथे ऐकणार कोण? ज्या तांड्यावरची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथले मूल तर चार-पाच महिने पुस्तकापासूनच तुटते.

या संदर्भात बाबासाहेबांच्या विद्यार्थी जीवनातील एका माणसाची आठवण करून देतो. त्यांचे नाव कृष्णाजी अर्जुन केळुस्कर. मुंबईत बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते आणि केळुस्कर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये नोकरीला होते. म्हणजे भीमराव त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता, त्यांच्या जातीचाही नव्हता. घरी जागा नाही म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत येऊन वाचत बसायचा. गुरुजीही संध्याकाळी त्या बागेत येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली, काय वाचावे ते सांगितले. पुढे भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल सत्कारसभा झाली, तेव्हा याच केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे आपण सर्व जाणतो. आपण भाषणांतून त्या सत्कारसभेची आठवण वारंवार काढतो. पण सत्कार एका संध्याकाळचा होता. बागेतली सोबत कित्येक संध्याकाळची होती.

आणखी एक विचार करा. भीमरावांच्या घरी वडील रामजी सुभेदार होते. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, मुलाला पुस्तक हवे म्हणून लेकीकडून दागिना मागून आणून गहाण ठेवणारे. असा बाप घरात असूनही बाहेरच्या एका केळुस्करांची सोबत उपयोगी पडली. मग ज्या घरात अक्षर ओळखणारे कोणीच नाही, त्या घरच्या लेकराला केळुस्कर किती हवे असतील!

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले आहे. जाईबाई चौधरी यांचे नाव आपल्या मुलींना पाठ असायला हवे. १८९२ साली जन्मलेली ही बाई कामठी स्टेशनवर ओझी वाहत असे. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी सिस्टरचे तिच्याकडे लक्ष गेले आणि तिने जाईबाईंना लिहायला-वाचायला शिकवले. पुढे याच जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईत शिकण्याची ताकद आहे, हे एका परक्या व्यक्तीला दिसले, आणि त्यातून पुढे शेकडो मुलींसाठी दार उघडले. आपल्या भोवती अशी किती डोकी ओझ्याखाली आहेत, हे आपल्याला दिसले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या कामात वसतिगृहे आणि वाचनालये यांना पहिल्यापासून स्थान होते. पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह निघाले. भाषण आणि परिषद यांच्या जोडीने पुस्तक हवे, दिवा हवा, बसायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बोलताना त्यांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपल्यापैकी प्रत्येक नोकरदार जाणतो. आपण ती एकमेकांना ऐकवतो. ती खंत दूर करण्यासाठी मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता नेमके काय करायचे, एवढेच आपण ठरवत नाही. म्हणून आज त्या साडेपाचचे बोलू.

बंधूंनो, शिक्षक नसलेल्या माणसाला हे काम जमेल का, अशी शंका तुमच्या मनात असेल. जमते, याचे दाखले आहेत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्या माणसांनी शिक्षकांच्या जोडीने न शिकलेल्या प्रौढांना अक्षरे शिकवली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. ती मोहीम राज्यभर गेली आणि १९७२ साली युनेस्कोने तिला पारितोषिक दिले.

मुलांच्या बाबतीत मुंबईचे उदाहरण घ्या. १९८८ साली सुरू झालेल्या 'डोअर स्टेप स्कूल'ने शाळा मुलांच्या दारापर्यंत नेली. मुंबई-पुण्यात बसगाडीत वर्ग भरवले. १९९४-९५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने महानगरपालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. या बालसखी म्हणजे त्याच वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुली. त्यांना थोडे प्रशिक्षण आणि अल्प मानधन मिळे. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून वेगळे बसवून त्या रोज सुमारे दोन तास त्यांचा पाया पक्का करीत. मुंबई आणि वडोदरा येथे या कामाची पद्धतशीर तपासणी झाली. ज्या शाळांत बालसखी होती, तिथल्या मुलांची प्रगती इतर शाळांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसली आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. ही तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे दहावी-बारावी झालेल्या वस्तीतल्या मुलीच्या कामाची दखल जगाने घेतली. आज समोर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी शाळा सुटल्यावर वाचनवर्ग चालवले. ज्या मुलांना काहीच वाचता येत नव्हते आणि जी वर्गाला आली, त्यांना वाचनाची वाट सापडली. मग अडचण कुठे आली? वाचता न येणाऱ्या मुलांपैकी सुमारे १३ टक्केच वर्गाला आली. वर्ग चांगला होता, पण ज्यांच्यासाठी होता त्यातले बहुतेक घरीच राहिले. दमलेले मूल, बकऱ्या राखणारे मूल, लहान भावाला सांभाळणारी मुलगी संध्याकाळी आपणहून येत नाही. यातून आपल्यासाठी धडा असा की पाटी लावून वाट पाहत बसू नये. मूल जिथे असते तिथे आपण जावे. ते दुपारी शाळेत असते, संध्याकाळी आपल्या वस्तीत असते.

परदेशातही अशी कामे वर्षानुवर्षे चालली आहेत. इंग्लंडमध्ये १९७३ पासून एक संस्था स्वयंसेवकांना प्राथमिक शाळांत पाठवते. एक स्वयंसेवक, तीन मुले, आणि प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास, अशी तिची पद्धत. अमेरिकेत कचेऱ्यांतले कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत जवळच्या शाळेत जाऊन मुलाबरोबर वाचतात. तिथे हे शक्य होते, कारण काम लहान तुकड्यांत वाटून घेतलेले असते. एकावर भार पडत नाही आणि मुलाला ठरलेले माणूस ठरलेल्या वेळी भेटते.

आता आपल्या गावाकडे येऊ. महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे मोठे गाव. आपल्यासारख्या गावांत बँक, टपाल, आरोग्य, वीज, महसूल, ग्रामपंचायत, पतसंस्था, दुकाने अशा ठिकाणी काम करणारी माणसे रोज येतात-जातात. शिवाय निवृत्त झालेले आहेत. आपली संस्था दरवर्षी वह्यावाटप करते. ते चांगलेच आहे, बंद करू नका. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या दप्तरात कोरी वही वर्षअखेरीस कोरीच निघते. माझी विनंती अशी की वहीबरोबर माणूस द्या. या माणसाला आपण 'वाचनसोबती' म्हणू.

वाचनसोबत्याने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, शाळेशी बोलून करा. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. केंद्र सरकारने ७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू केलेल्या 'विद्यांजली' उपक्रमात नोकरीतील व निवृत्त माणसे, गृहिणी अशा कोणालाही शाळेला स्वेच्छेने मदत करण्याची सोय आहे. शिक्षकाची परीक्षा घ्यायला आपण जात नाही. कोणत्या मुलांना गरज आहे, हे शिक्षकच आपल्याला सांगतील. ही शिकवणी नाही, त्यामुळे कोणाकडून एक पैसा घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट, सर्वांच्या देखत बसा. शाळेचा व्हरांडा, वाचनालयाची खोली किंवा विहाराचा ओटा चालेल. मुलाला एकट्याला घरी बोलावू नये, दार लावून बसू नये. आईबापांना सांगून सुरुवात करावी. यात कोणावर अविश्वास नाही, लेकरांच्या सुरक्षिततेची ही साधी शिस्त आहे.

तिसरी गोष्ट, मूल नेमके कुठे अडले आहे ते पाहा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे असतात. चौथीतल्या मुलाला अक्षरच येत नसेल तर तिथूनच सुरू करा, त्याच्या वर्गाचे पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. आपल्या लिपीत मुले ठराविक ठिकाणी अडतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गफलत होते. 'ख' चे 'रव' होते. काना-मात्रा येतात, पण ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत गोंधळ होतो. जोडाक्षर आले की मूल थांबते, आणि 'र' तर चार रूपांनी छळतो: 'क्रम' मध्ये एक, 'अर्क' मध्ये दुसरे, 'राष्ट्र' मध्ये तिसरे, 'पऱ्हाटी' मध्ये चौथे. या जागा माहीत असल्या की चीड येत नाही. मूल मठ्ठ नाही, वाटच खडबडीत आहे, हे कळते.

चौथी गोष्ट, त्याच्या ओळखीच्या शब्दांपासून चला. पऱ्हाटी, वखर, बोंड, बकरी, बाजार, भाकर. मुलाला त्याच्याच घरातली गोष्ट सांगू द्या, ती तुम्ही चार ओळींत लिहा आणि तीच त्याला वाचायला द्या. आपण सांगितलेले कागदावर उतरते आणि पुन्हा वाचता येते, हे एकदा उमगले की अर्धे काम झाले. तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी आहे. पुस्तकात 'आई' वाचून ते 'याडी' म्हणाले तर रागावू नका. त्याने अर्थ वाचला आहे. आधी शाबासकी द्या, मग अक्षरावर बोट ठेवून शब्द दाखवा. त्याच्या बोलीला हसाल तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही.

पाचवी गोष्ट, कमी बोला आणि जास्त ऐका. आपल्या नोकरदार माणसाला उपदेशाची सवय असते, ती या अर्ध्या तासात बाहेर ठेवा. प्रत्येक चुकीला टोकू नका. मूल अडले तर मनात पाच आकडे मोजा. तरीही जमले नाही तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. शेवटी विचारा, 'पुढे काय होईल असे तुला वाटते?' जे मूल पुढचा अंदाज बांधते, ते समजून वाचते.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड आहे, ती म्हणजे नियमितपणा. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, एवढेच. पहिल्या वर्षी एका सोबत्याने एकच मूल घ्यावे. शाळेच्या वर्षातले तीस आठवडे जरी सापडले, तरी त्या मुलाला तीस तास मिळतात, जिथे आज त्याला ८० सेकंद मिळत नाहीत. आपल्या बदल्या होतात, मार्चअखेर असते, लग्नसराई असते. म्हणून दोन सोबत्यांची जोडी करा आणि त्यांना दोन मुले द्या. एक आला नाही तर दुसरा जाईल. ज्याला जमणार नसेल त्याने आजच नाही म्हणावे, त्यात कमीपणा नाही. कारण चार वेळा जाऊन पाचव्यांदा न जाणे हे मुळीच न जाण्यापेक्षा वाईट. ज्या मुलाने मोठ्या हिमतीने तुमच्यासमोर अडखळत वाचले, ते त्या दिवशी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले असते. तुम्ही आला नाहीत याचा अर्थ ते स्वतःच लावते: आपल्याला येत नाही म्हणून साहेब आले नाहीत. तो समज खोडायला फार दिवस लागतात.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे, आपण केले तर सरकार अंग काढून घेईल. ही भीती अगदी निराधार नाही. रिक्त पदे भरा, शाळा बंद करू नका, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे नीट चालवा, ही मागणी आपण केलीच पाहिजे आणि संस्थेने त्यासाठी निवेदनेही दिली पाहिजेत. पण निवेदनाचे उत्तर येईपर्यंत तिसरीतले मूल सहावीत जाते. लढा चालू ठेवावा आणि लेकराचा अर्धा तासही चुकवू नये. जी मुलगी आज वाचायला शिकेल, ती उद्या ते निवेदन स्वतः लिहील.

आणखी एक इशारा देतो. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. १९९० साली केरळातील एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला आणि त्यानंतर देशभर साक्षरता अभियाने निघाली. गावोगाव स्वयंसेवकांनी कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवून घेतली. पण जिथे नवसाक्षरांच्या हाती पुढे पुस्तकच आले नाही, तिथे शिकलेली अक्षरे विरून गेली. म्हणून संस्थेला माझी सूचना आहे की येत्या वर्षी सत्कारासाठीच्या शाली-श्रीफळांचा खर्च वाचवून मोठ्या अक्षरांची, चित्रांची, थोड्या ओळींची पुस्तके घ्यावीत. ती कुलुपाच्या कपाटात ठेवू नयेत. दोरीवर टांगावीत, मुलांनी हाताळावीत, फाटली तर चिकटवावीत. वापरून फाटलेल्या पुस्तकाचे दुःख करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. तुम्ही नोकरदार नाही, पण दहावी झालेली प्रत्येक मुलगी, प्रत्येक मुलगा आपल्या गल्लीतल्या एका लेकराचा वाचनसोबती होऊ शकतो. रोज वीस मिनिटे द्या. दुसऱ्याला शिकवताना आपले कच्चे दुवे आपल्यालाच कळतात, हा तुमचा फायदा. आणि माता-भगिनींनो, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही मागे राहू नये. भाकरी थापताना लेकराला जवळ बसवा आणि म्हणा, 'वाच, मी ऐकते. मग काय झालं? पुढं काय झालं?' ऐकायला अक्षर यावे लागत नाही. तुमच्या त्या एका प्रश्नाने लेकराच्या वाचनाला अर्थ येतो.

अध्यक्ष महोदय, माझा प्रस्ताव अगदी लहान आहे. आज या मंडपातून बारा नावे निघावीत. बारा सोबती, सहा जोड्या, बारा मुले. सुरुवात एका शाळेपासून आणि विहाराच्या ओट्यापासून करावी. एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, मुलाने काय वाचले आणि कुठे अडले, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. तीन महिन्यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ती वही उघडावी. ज्या मुलाची प्रगती दिसत नाही, त्याच्यासाठी पद्धत बदलावी. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात त्या बारा मुलांचा हारतुरे घालून सत्कार करू नये. त्यांनी न पाहिलेले पुस्तक त्यांच्या हाती द्यावे, आणि त्यांनी ते तुमच्यासमोर वाचावे. तुम्ही ऐकावे.

संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मंडपाच्या दाराशी टेबलावर नोंदवही ठेवली आहे. जाताना कृपया रांगेत उभे राहा. नाव लिहा, आठवड्यातले कोणते दोन दिवस देऊ शकता ते लिहा आणि दिलेला शब्द पाळता येईल एवढेच लिहा. सोमवारी शाळा भरेल तेव्हा मुख्याध्यापकांकडे ती यादी पोहोचलेली असावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो. 

जय भीम.